हवेचा अंदाज

निवडणूक लागली की माझ्यातला राजकीय विश्लेषक जागा होतो. एरवी तो झोपलेला असतो आणि घरच्यांच्या मते तेच बरं असतं. 2024 च्या लोकसभेला भंडारा-गोंदियाच्या जागेवर मी सोसायटीच्या ग्रुपवर एक उमेदवार निवडून आणला होता आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर दुसरा. दोन्हीकडे वर ठळक अक्षरांत 'ग्राउंड रिपोर्ट' असं लिहिलं होतं. ग्राउंड म्हणजे नागपुरातली आमची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. तिथून भंडारा दिसत नाही. समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते.

शेवटी ऑफिसातल्या एका खवचट माणसाने विचारलंच, ''एवढं सांगता, पण तुमचं स्वतःचं मत आहे कुठे?''

माझं मत चिखल्याला आहे. तुमसर तालुक्यातलं हे मॅंगनीजच्या खाणीचं गाव. मॉइल कंपनीची इथली खाण जमिनीखालची, शेजारच्या डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरीचं मॅंगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातं, हे आम्हाला शाळेत इतक्या वेळा सांगितलं जायचं की आमच्याशिवाय देश अंधारात चाचपडेल अशीच आमची समजूत होती. वडील खाणीत हजेरीबाबू होते. पुढे आम्ही नागपूरला आलो, घर घेतलं, गॅसचं कनेक्शन बदललं, रेशन कार्ड बदललं. मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म 8 भरावा लागतो, तेवढा राहिला. का राहिला म्हणून कुणी विचारलं की मी 'मातीशी नाळ' वगैरे बोलतो. खरं कारण आळस.

तर या वेळी जायचं ठरलं. नुसतं जायचं नाही, पहिलं मत टाकायचं. अमेरिकेत लोक मतदानाच्या आधीच कित्येक दिवस रांगा लावून मत देऊन मोकळे होतात, तशी सोय आपल्याकडे नाही. आपल्याकडे लवकर मतदान करायचं म्हणजे लवकर उठायचं. पहिल्या मतदाराला गुलाबाचं फूल देतात, त्याचा फोटो काढतात, हे मी पेपरात पाहिलं होतं. त्या फोटोखाली काय लिहायचं हेसुद्धा मी दोन्ही ग्रुपांसाठी वेगवेगळं तयार ठेवलं होतं. शिवाय रांगेत उभ्या उभ्या दहावीस अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या आणि हवा कुणाची आहे ते काढून घ्यायचं, म्हणजे ग्राउंड रिपोर्टला निदान थोडं ग्राउंड मिळेल.

आदल्या संध्याकाळी चुलतभावाकडे पोचलो. 19 एप्रिलला पहाटे उठून कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता चढवला. चुलतभाऊ अंथरुणातूनच म्हणाला, ''दादा, एवढ्या रातचा कुठी चालला? सात वाजता हाय.'' मी त्याला लोकशाहीवर दोन वाक्यं ऐकवली. त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

बाहेर पडलो तर गाव माझ्या आधी उठलेलं. मोहाचा हंगाम सरत आला होता, तरी दोनतीन बायका टोपल्या घेऊन झाडांखालून परतत होत्या. टोपल्यांतल्या फुलांचा तो गोडसर, आंबूस वास रस्ताभर होता. त्यांनी माझ्या कुर्त्याकडे पाहिलं आणि आपसांत काहीतरी बोलून हसल्या. उमेदवार समजल्या असाव्यात, या विचाराने मी ताठ झालो.

शाळेच्या फाटकावरच्या पोलिसाने पहिल्याच फटक्यात माझा मोबाइल हेरला. ''शंभर मीटरच्या आत मोबाइल नाही चालत. ठेवून या.'' म्हणजे फोटोचं गणित इथेच बिघडलं. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर टोस्टची काचेची बरणी रिकामी करून टपरीवाल्याने तिच्यात पाचसहा मोबाइल उभे करून ठेवले होते. माझाही त्यात गेला. ''चिंता नका करू जी, वाजला तं मी पाहून घेतो,'' तो म्हणाला. त्या वेळी मला हे वाक्य फार दिलासा देणारं वाटलं.

परत आलो. वर्गाच्या बंद दारासमोर चुन्याने आखलेल्या रेघेवर मी एकटा. पहिला नंबर!

तेवढ्यात आतून 'बीऽऽप' असा लांबलचक आवाज आला. घड्याळात सहालासुद्धा वीस मिनिटं कमी. पुन्हा बीप. थोड्या वेळाने पुन्हा. आत कुणीतरी मतं टाकत होतं, आणि चांगली एकामागून एक टाकत होतं. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून जी लोकशाही वाचवत आलो, ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच शाळेच्या तिसरीच्या वर्गात लुटली जात होती. मी दारावर थाप मारली. ''मतदान सातला आहे ना? मग आत हे काय चाललंय? मी वरपर्यंत तक्रार करीन!''

''मॉक पोल हाय जी,'' मागून आवाज आला. काठी टेकत एक म्हातारबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. ''एजंट लोकायसमोर पन्नास मतं टाकून पाहतेत, चिठ्ठ्या मोजतेत, मंग सगरं पुसून मशीन कोरी करतेत. दर टायमाले होते. तुमी टीव्ही नाई पाहत का?''

टीव्हीच तर पाहतो. पण तिथले तज्ज्ञ मॉक पोलबद्दल बोलत नाहीत. ते एकदम सत्तास्थापनेवर जातात.

झाकपाक करायला मी म्हातारबांचं वय विचारलं. ब्याऐंशी. मग मी माझं ज्ञान बाहेर काढलं. ''मग तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला? वयस्कर मतदारांचं मत आता घरी येऊन घेतात. अर्ज करायचा होता.''

''मालूम हाय. मी ऐंशीचा झालो अन् म्हनलं, आता आपुन घरी बसून मत द्याचं. तं थ्यायनं पंच्याऐंशी करून टाकलं! आता मी पंच्याऐंशीचा झालो का नव्वद करतीन. म्हनून म्हनलं, चालून जातो तोवरी चालून जावं.''

म्हातारबा एका अक्षरानेही चुकत नव्हते. ही अट 80 वरून 85 वर गेली ती 2024 च्या मार्चमध्ये, निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर. विश्लेषकाला हे रांगेत कळलं.

हळूहळू रांग भरत गेली. खाणीतून निवृत्त झालेले एक काका, तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला जाणारा एक पोरगा, रात्रपाळी करून थेट इकडेच आलेला एक जण. शेजारी बायकांची वेगळी रांग. तिच्यात सगळ्यात पुढे एक आजी, पदराच्या गाठीत मतदार ओळखपत्र बांधून. मी घसा साफ केला आणि पहिला प्रश्न टाकला. ''काय मग, हवा कुणाची?''

''हवा कुठी हाय जी?'' काका झाडाकडे बघत म्हणाले. ''पान हालून नाई रायलं.''

मी हसलो. खेड्यातला माणूस आधी असाच उडवून लावतो, मग खुलतो, हे मी एका लेखात वाचलं होतं. राइस मिलच्या पोराकडे वळलो. तो पन्नीतला खर्रा घोटत होता. ''तुमचं तरुणांचं काय ठरलंय?''

''अजून ठरलं नाई.''

''अहो, तुम्ही रांगेत चौथे आहात!''

''त मंग? चौघायचं होऊ द्या. बटन दाबाच्या येळी पाहू.''

रात्रपाळीवाला म्हणाला की तो ज्याला देतो तो हमखास पडतो, म्हणून तो नाव घेत नाही, उगाच त्या उमेदवाराचं वाईट कशाला. आजींना विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, ''तुले काहून पायजे?'' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे खरोखरच नव्हतं.

एवढ्यात फाटकावरचा पोलीस आलाच. ''ओ कुर्तेवाले साहेब, प्रचार बाहेर. शंभर मीटर.''

''मी प्रचार करत नाहीये. नुसतं विचारतोय.''

''काय?''

''मत कुणाला देणार ते.''

''हे तर त्याहून खराब!'' आणि त्याने मला सगळ्या रांगेसमोर कायदा समजावला. आज सकाळी सातपासून 1 जूनला संध्याकाळी साडेसहापर्यंत एक्झिट पोल बंद. केला आणि छापला तर दोन वर्षांपर्यंत आत. मी म्हणालो, एक्झिट पोल मतदान करून आलेल्यांचा असतो, माझा एन्ट्री पोल आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. तुरुंगापेक्षा दवाखान्याची गरज आहे असं त्याने ठरवलं असावं, कारण तो काही न बोलता निघून गेला.

आता प्रश्न विचारणं बंद झाल्यामुळे रांगेला मोकळीक मिळाली आणि ती माझ्याकडे वळली.

''का गा, तू कोनाचा?'' म्हातारबांनी सुरुवात केली. इतका वेळ मी 'तुमी' होतो. वडिलांचं नाव सांगितलं. ''म्हंजे हजेरीबाबूचा पोट्टा! नाक पाहूनच वाटत होतं.'' बस्स, त्यानंतर मला कुणी साहेब म्हटलं नाही. काय करतो? हिशेब तपासतो. पगार किती? मी टाळलं. काकांनी अंदाजाने एक आकडा सांगितला, तो माझ्या पगारापेक्षा कमी होता, अपमान सहन न होऊन मी खरा सांगून बसलो. घर सोताचं का किरायाचं? स्वतःचं. म्हंजे बँकेचं. हप्ता किती? अजून किती वर्षं? पोरगी काय शिकते? तिचं लगन कवा? हे पोट काहून सुटलं? बीपीची गोळी सकाळची का रातची? आजींनी बायकांच्या रांगेतून विचारलं की माझी बायको सासूशी नीट वागायची का. मी 'बऱ्यापैकी' म्हणालो, तर मागच्या दोघी एकमेकींकडे पाहून 'हूं' म्हणाल्या.

अर्ध्या तासात माझ्या संसारात गुप्त असं काही उरलं नाही. त्यांच्या मताबद्दल मला इतकंच कळलं होतं की पान हलत नव्हतं.

म्हातारबा मात्र अधूनमधून फार मोलाचं बोलत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हातारबा तेव्हा बारा वर्षांचे. बापासोबत मतदानाला गेले होते, आत सोडलं नाही म्हणून बाहेर रडत बसले. ''तवा एका मानसाले दोन मतं होते,'' ते म्हणाले. तेही खरं, कारण मतदारसंघ द्विसदस्य होता, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. मी उत्साहाने विचारलं, ''मग तुमच्या वडिलांनी कुणाला दिली दोन मतं?''

म्हातारबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या बापाच्या धोतराला हात घातला होता. ''बाप मेला त्याले चाळीस वर्षं झाले,'' ते म्हणाले. ''त्यानं माह्या मायलेबी नाई सांगलं.''

मग एकदम म्हणाले, ''तुह्या बापानं माही अर्धी हाजरी कापली होती.''

''कधी?''

''लय वर्षं झाले. मी पाळीवर टायमावर आलो होतो. जरासा झाडाखाली पडलो, डोरा लागला. हजेरीबाबूनं पायलं, अर्धी हाजरी लावली. बाबू मानूस चांगला, पन लिवलेलं खोडत नवता.'' वडिलांच्या वतीने काय बोलावं ते मला सुचेना. मी माफी मागितली. ''तू काहून मागतं?'' म्हातारबा म्हणाले. ''तू तवा जन्मालेबी नसशीन.''

सातला दार उघडलं. मी कुर्ता खाली ओढला, केस सारखे केले आणि आत पाऊल टाकलं. टेबलावर खरोखरच एक गुलाब ठेवलेला होता. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने माझं ओळखपत्र पाहिलं, यादीवर बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा उलटलं.

''तुमचं नाव या खोलीत नाही. शेजारच्या केंद्रात आहे. भाग वेगळा.''

शाळेत दोन मतदान केंद्रं होती. चिठ्ठीवर खोलीचा नंबर स्वच्छ छापला होता. ती चिठ्ठी मी आदल्या दिवसापासून खिशात बाळगून होतो, फक्त वाचली नव्हती.

मी बाजूला झालो. म्हातारबा पुढे आले, बोट पुढे केलं, शाई लावून घेतली. मत देऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गुलाब होता आणि एक कर्मचारी त्यांचा फोटो काढत होता. माझ्याजवळून जाताना थांबले. ''मले मालूम होतं गा. हजेरीबाबूचं घर त्या यादीत हाय.''

''मग आधी का नाही सांगितलं?''

''तुही गोठ चालू होती. मंधात कसं बोलाचं?'' दोन पावलं गेले, वळले आणि गुलाब हलवत म्हणाले, ''आता फिटली. अर्धी हाजरी.''

शेजारच्या खोलीपुढची रांग तोवर फाटकाला टेकली होती. मी शेवटी जाऊन उभा राहिलो. इथे तरी मला कुणी ओळखत नाही या समाधानात होतो, तेवढ्यात पुढच्या गृहस्थांनी वळून विचारलं, ''बीपीची गोळी घेतली का आज?'' या रांगेत माझा हप्ता, पगार आणि पोट माझ्या आधी येऊन पोचले होते. बायकांच्या बाजूने कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, ''वीस वर्षाचा हप्ता हाय म्हनते. मानूस पिकून जाईन.''

ऊन चढलं. कुर्त्याची इस्त्री विरघळली. पोलीस एक पुरुष, दोन बायका या हिशेबाने आत सोडत होता, त्यामुळे बायकांची रांग सरकत होती आणि आमची चर्चा करत होती. कुणीतरी कीव येऊन मला डोक्याला बांधायला दुपट्टा दिला. घामाचा वास होता, पण त्या क्षणी मला कुर्त्यापेक्षा तो जास्त शोभत असावा. मी उन्हाबद्दल कुरकुरलो, तर पलीकडच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, ''हे कायचं ऊन? पोटनिवडनुकीच्या टायमाले पाहाले पायजे होतं.''

ती 2018 ची पोटनिवडणूक, 28 मेची. भर नवतपात ठेवलेली. व्हीव्हीपॅट यंत्रं जागोजाग बंद पडली, उन्हामुळे बंद पडली असंही सांगितलं गेलं, आणि मतदारसंघातल्या 49 केंद्रांवर 30 मेला पुन्हा मतदान घ्यावं लागलं. मावशींचं त्यावरचं विश्लेषण माझ्या सगळ्या पोस्टींपेक्षा नेमकं होतं. ''मशीन तापली अन् बसली. आमी तापलो, पन उभ्याच होतो.''

माझ्यापुढच्या गृहस्थांची खाणीत हयात गेलेली. त्यांनी शाई लावायला बोट पुढे केलं तेव्हा मी मागून पाहत होतो. रुंद, चपटं नख, त्याच्या कडेला पक्की बसलेली काळी रेघ. शाईवाल्या बाईंनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं, आधीची शाई तर नाही ना म्हणून. ''खाणीचं हाय बाई,'' ते म्हणाले, ''ते धुतल्यानं जात नाई. तुमची शाई महिन्याभरात जाईन.'' ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात होते, 1962 पासून साऱ्या देशाच्या बोटांना लागते. बाईंनी त्या काळ्या रेघेच्या जरा वर, कातडीवर, नीट दिसेल अशी दुसरी रेघ ओढली.

मग माझा नंबर आला. पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेलो, मशीनसमोर उभा राहिलो आणि लक्षात आलं की दोन ग्रुपांसाठी दोन उमेदवार निवडून आणण्याच्या गडबडीत स्वतःसाठी कुणी निवडायचं राहूनच गेलंय. राइस मिलच्या पोराचं वाक्य आठवलं. बटन दाबाच्या येळी पाहू. पाहिलं, दाबलं. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. मी त्यातले सहा सेकंद कुर्त्याच्या खिशात चष्मा शोधण्यात घालवले आणि सातव्याला दिवा विझला.

(4 जूनला निकाल लागला. काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे भाजपच्या सुनील मेंढे यांना 37 हजारांवर मतांनी हरवून निवडून आले. माझा एक ग्रुप मला अजून 'गुरुजी' म्हणतो. दुसरा मी सोडला.)

टपरीवर आलो तर टपरीवाला बरणी पुसत होता. त्याने मोबाइल काढून दिला आणि न मागता चहा पुढे केला, बिनसाखरेचा.

''वहिनीचा फोन आलता,'' तो म्हणाला. ''दोन डाव. मी बोललो.''

''काय बोललात?''

''सायेब चुकीच्या लाइनीत होते, आता बरोबर लाइनीत हायेत म्हनलं. डोक्याले दुपट्टा बांधून हायेत, काळजी नका करू. गोळी इसरले का इचारलं, तं हो म्हनलं. साखर बंद हाय म्हनत होत्या.'' त्याने गाळणं झटकलं. ''अन् इकडं कोनाची हवा हाय, थे इचारत होत्या. मी म्हनलं, बाई, सायबाचं काय इचाराचं थे इचारा, सगरं सांगतो. हे नका इचारू.''